उत्तर कुठल्या दारानं गेलं?

“इथं चाललालंय की ओ, मुंबईत मात्र उघडंना झालंय.”

सोलापुरात नेटवर्कची कामं करणाऱ्याला असा फोन आला की तो आधी विचारतो, “मधे नवी लाईन घेतली का?” बहुतेक वेळा घेतलेली असते. जुनी लाईन पावसाळ्यात दगा देते म्हणून दुसऱ्या कंपनीची फायबर येते, बसवणारा पोरगा सर्व्हरच्या मागं मोकळं सापडलेल्या लॅन कार्डात तार खोचतो, पत्ता टाकतो, गेटवे टाकतो, आपल्या मोबाइलवर वेग मोजून दाखवतो आणि सही घेऊन जातो. बिघाड त्याच क्षणी झालेला असतो. कळतो तो दोन दिवसांनी, कारण ऑफिसातल्या ऑफिसात सगळं सुरळीतच चालू असतं.

हे मी पाहिलं ते अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत, टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात. १८७७ साली उभ्या राहिलेल्या ‘जुन्या मिल’पासून सोलापूर कापडावर जगत आलं. मिलचे भोंगे थांबले, पण चादर आणि टेरी टॉवेल राहिले; दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. आता अशा कारखान्यात रॅपियर मागांची खडखड पार्टिशनपलीकडे ऐकू येते आणि अलीकडे एक सर्व्हर असतो. या कारखान्यातला सर्व्हर लेखा विभागाच्या मागं, एसीच्या थेट झोताखाली होता. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आवारातली सगळ्यात गार जागा तीच, म्हणून कामगारांचे ताकाचे तांबेही तिथंच ठेवलेले. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणत होते. त्यांनी आधी ते तांबे हलवायला सांगितले, मग सर्व्हरची पाठ आपल्याकडं वळवून घेतली.

मागं चार कार्डं, चार तारा. एक ऑफिसची. एक मागांची, कुठला माग किती वेळ चालला, कितीदा थांबला याची नोंद त्या तारेवरून येते. तिसरी हजेरीच्या मशीनची आणि कॅमेऱ्यांची. चौथी नवी फायबर. ही मांडणी कुणी एकानं कागदावर आखलेली नव्हती. गरज पडली तसं एकेक कार्ड वाढत गेलं आणि दर वेळी बसवणारा निराळा होता. लहान शहरातली बहुतेक नेटवर्कं अशीच वाढतात, वाड्याला मागून खोल्या काढाव्यात तशी. त्यात कमीपणा काही नाही. फक्त आलेला पाहुणा कुठल्या दारानं बाहेर जाईल, हे एकदा ठरवून द्यावं लागतं, आणि ते कुणीच ठरवलेलं नसतं.

तक्रार अशी होती: मुंबईच्या विक्री कार्यालयानं नव्या फायबरच्या कायमच्या पत्त्यावरून सर्व्हरवरचं बिलांचं सॉफ्टवेअर उघडायचं होतं, आणि ते उघडत नव्हतं. ऑफिसात उघडत होतं, मागांवर उघडत होतं. फायबर कंपनीचं म्हणणं, लाईन ठणठणीत आहे. सॉफ्टवेअरवाल्याचं म्हणणं, सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. दोघंही खरं बोलत होते. अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, ‘फायरवॉल बंद करून बघा’. इथंही ती आदल्या संध्याकाळपासून बंद होती. इंटरनेटवर उघड्या पत्त्यानं उभा असलेला, सगळ्या हिशेबांचा सर्व्हर, रात्रभर बिनफायरवॉलचा. मला विचाराल तर मूळ बिघाडापेक्षा हा उपाय जास्त धोक्याचा होता. अण्णांनी पहिलं काम केलं ते ती पुन्हा चालू करण्याचं.

मग त्यांनी सर्व्हरला विचारलं, तुला वाटा कुठल्या माहीत आहेत? लिनक्सवर ‘आयपी रूट’ एवढं टाइप केलं की वाटांचा तक्ता समोर येतो. ऑफिसच्या १९२.१६८.१ च्या पट्ट्यातले पत्ते पहिल्या कार्डावरून, मागांचे दुसऱ्यावरून, असं एकेक. जो पत्ता कुठल्याच ओळीत बसत नाही त्याच्यासाठी शेवटची सोय म्हणजे डिफॉल्ट गेटवे. इथं त्या दोन होत्या: एक पहिल्या कार्डावरून, ऑफिसच्या तारेनं जुन्या लाईनच्या राउटरकडं नेणारी, दुसरी चौथ्यावरून नव्या फायबरकडं.

या तक्त्याची चाल ध्यानात आली की पुढचं सगळं उलगडतं. होटगी जंक्शनला रेल्वेच्या दोन वाटा फुटतात, एक कलबुर्गी-वाडीकडं, दुसरी विजयपूर-गदगकडं. गाडी कुठं जायची आहे तेवढं पाहून सांधा बदलला जातो. ती आली कुठून, याच्याशी सांध्याला कर्तव्य नसतं. सर्व्हरचा तक्ता तसाच फक्त मुक्कामाचा पत्ता वाचतो. मुंबईहून विचारणा चौथ्या कार्डावर आली, हे उत्तर पाठवताना तो बघतच नाही. मुंबईचा पत्ता कुठल्याही ओळीत नाही, मग डिफॉल्ट. डिफॉल्ट दोन असतील तर ज्याचा मेट्रिक हा आकडा कमी, ती वाट. इथं तो मान जुन्या लाईनकडं होता. प्रश्न एका दारानं येत होता आणि उत्तर दुसऱ्या दारानं जायला निघत होतं.

दोन ओळी सारख्याच लागू पडत असतील तर जास्त नेमकी ओळ जिंकते, हा या तक्त्याचा दुसरा कायदा. १९९३ साली इंटरनेटच्या पत्त्यांची नवी विभागणी आली तेव्हापासून सारं जग त्यावर चालतं. हा कायदा किती आंधळेपणानं पाळला जातो ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमनं आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पट्ट्यातल्याच एका लहान तुकड्याची वाट जाहीर केली. ती जाहिरात चुकून देशाबाहेर गेली. यूट्यूबची स्वतःची ओळ मोठ्या पट्ट्याची, ही लहान, म्हणजे जास्त नेमकी; जगभरच्या राउटरांनी तीच खरी मानली आणि दोनेक तास यूट्यूबकडं निघालेली पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, पाकिस्तानच्या दिशेनं जात राहिली. कुठलंही यंत्र बिघडलं नव्हतं. तक्त्यानं तक्त्याचं काम केलं होतं.

मेट्रिकची एक खोड इथंच सांगतो, कारण ‘सकाळी चालत होतं, संध्याकाळी बंद पडलं’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा तीच निघते. अनेक लिनक्समध्ये जोडण्यांची व्यवस्था नेटवर्कमॅनेजर बघतो. तो आधी जाग्या झालेल्या तारेच्या कार्डाला १०० मेट्रिक देतो, नंतरच्याला १०१. वीज जाऊन आली आणि कार्डं उठण्याचा क्रम उलटला की मोठेपणही उलटतं. काल जिच्यावरून उत्तरं जात होती ती लाईन आज धाकटी होते. कुणी काही हात लावलेला नसतो, तरी सगळं बदललेलं असतं.

आता तपास. लोक अशा वेळी ट्रेसराउट चालवतात आणि वाट नीट दिसली की निश्चिंत होतात. ट्रेसराउट जाण्याची वाट दाखवतं, येण्याची नाही. इंटरनेटवर या दोन वाटा वेगळ्या असणं हा अपवादसुद्धा नव्हे. आपल्याच देशातली, एका कंपनीकडून दुसरीकडं जाणारी पाकिटं परदेशाला वळसा घालून परत येत, म्हणून तर २००३ साली निक्सी ही संस्था स्थापन झाली: देशातल्या कंपन्यांनी आपसातली देवघेव देशातच उरकावी यासाठी. तेव्हा बाहेर कुठल्या वाटेनं काय फिरतं यावर सोलापूरच्या माणसाचा ताबा नाही. त्याच्या हाती आहे ते सर्व्हरचं दार, आणि तिथं बसून येणारं-जाणारं पाहता येतं. त्याचं हत्यार टीसीपीडम्प. १९८८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी ते बनवलं. इतक्या वर्षांत त्याला तोडीस तोड दुसरं आलं, असं मला वाटत नाही.

अण्णांनी दोन खिडक्या उघडल्या. एकीत चौथ्या कार्डावरची ये-जा, दुसरीत पहिल्यावरची. मग मुंबईला फोन लावून म्हणाले, “ताई, आता उघडा.” चौथ्या कार्डाच्या खिडकीत लगेच ओळ उमटली: मुंबईचा पत्ता, बिलांच्या सॉफ्टवेअरचं दार, जोडणी मागणारं पहिलं पाकीट. सेकंदानं पुन्हा तीच. मग दोन सेकंदांनी, मग चारांनी. मुंबईचं यंत्र उत्तराची वाट पाहत पुन्हा पुन्हा दार वाजवत होतं. दुसरी खिडकी कोरी. चौथ्या कार्डावरून उत्तर नाही, पहिल्यावरूनही नाही. सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत तर कुणी आल्याचीच खूण नव्हती.

“पाकिट येलालंय,” अण्णा म्हणाले, “पण आत घेईना झालंय.”

नवशिके इथं गोंधळतात. टीसीपीडम्पला दिसलं म्हणजे सर्व्हरनं स्वीकारलं, असा त्यांचा समज असतो. पण टीसीपीडम्प उंबऱ्यावर बसतो. लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, झडती त्याच्यामागं, आत होते. त्या झडतीत एक प्रश्न असा असतो: हे पाकीट ज्या पत्त्यावरून आलं म्हणतंय त्या पत्त्याला मला काही पाठवायचं झालं, तर मी याच कार्डावरून पाठवलं असतं का? उत्तर ‘नाही’ आलं की पाकीट मुकाट्यानं टाकून दिलं जातं. ना निरोप, ना नकार. या तपासणीला आरपी फिल्टर म्हणतात. तिचा आकडा १ असेल तर ती कडक, २ असेल तर सैल, ० असेल तर बंद. मुंबईला जायची आपली वाट पहिल्या कार्डावरून आहे आणि पाकीट आलं चौथ्यावर, म्हणजे खोट्या पत्त्याचं असणार, असं कडक फिल्टरचं मत पडलं. संशयित पाकिटांची नोंद ठेवायला सांगितल्यावर लॉगमध्ये धडाधड ओळी उतरल्या: मार्शियन सोर्स. कर्नलच्या लेखी मुंबईचं विक्री कार्यालय मंगळावर होतं.

ही तपासणी कुणाच्या विक्षिप्तपणातून आलेली नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालून पाकिटांचा मारा करायचा, ही नव्वदच्या दशकातली मोठी डोकेदुखी होती. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, ॲमेझॉन अशी मोठी दुकानं माऱ्याखाली कोलमडली. त्याच वर्षी मे महिन्यात पॉल फर्ग्युसन आणि डॅनियल सेनी यांचा आरएफसी २८२७ हा दस्तऐवज आला. प्रत्येक इंटरनेट कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पाकिटावरचा पत्ता खरोखर त्या गिऱ्हाइकाचा आहे का ते पाहावं, नसेल तर पाकीट तिथंच अडवावं, असा त्यातला सल्ला. सल्ला उत्तम होता. पण ज्याच्याकडं दोन लाईनी आहेत त्याचं काय? त्याची खरीखुरी पाकिटंही या चाळणीत अडकणार. म्हणून मार्च २००४ मध्ये फ्रेड बेकर आणि पेक्का सावोला यांनी आरएफसी ३७०४ लिहिला, खास एकाहून अधिक जोडण्या असलेल्यांसाठी. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असू शकते तिथं कडक तपासणी लावू नका, असं त्यात सांगितलं आहे. अक्कलकोट रोडवरच्या त्या सकाळचं वर्णन त्यात आयतं सापडतं.

अण्णांनी चौथ्या कार्डाचा आकडा २ केला. इथंही एक खाच आहे. ‘सर्व कार्डांसाठी’ असा एक आकडा असतो आणि प्रत्येक कार्डाचा स्वतःचा एक; कर्नल दोन्हींतला मोठा धरतो. म्हणून ‘सर्वांसाठी’ १ असताना कार्डापुरता ० केला तर काहीच होत नाही, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. २ केला की तो मोठा ठरतो.

पुन्हा मुंबईला फोन. या वेळी दुसरी खिडकी हलली. चौथ्या कार्डावर प्रश्न, पहिल्यावर उत्तर. उत्तराच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता फायबरचा आणि वाट मात्र जुन्या लाईनची. मुंबईत अजून काही उघडलं नव्हतं, पण अण्णांच्या चेहऱ्यावर काम झाल्याचा भाव होता. अशा उत्तराच्या नशिबी तीन गती असतात. जुन्या राउटरमधल्या फायरवॉलनं मूळ प्रश्न पाहिलेलाच नसतो, तेव्हा हे उत्तर कशाचं म्हणून ती ते टाकून देते. तिथून निसटलं आणि राउटरनं नेहमीच्या सवयीनं त्यावर आपला पत्ता चढवला, तर मुंबईचं यंत्र म्हणतं, मी विचारलं एकाला आणि बोलतोय भलताच. पत्ता न बदलता पुढं गेलं, तर जुन्या लाईनच्या कंपनीची चाळणी अडवते, त्याच आरएफसी २८२७ ला स्मरून. तिन्हींत मुंबईला दिसतं ते एकच, पडद्यावर फिरत राहणारं चक्र.

यंत्र असं का वागतं? याचं उत्तर ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये आहे. रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या त्या दस्तऐवजात एकाहून अधिक जोडण्यांच्या यंत्राबद्दल दोन मतं मांडली आहेत. एक म्हणतं, पत्ता कार्डाचा. त्या पत्त्याचं पाकीट त्याच कार्डावरून यावं आणि जावं. दुसरं म्हणतं, पत्ता सगळ्या यंत्राचा, कार्ड ही नुसती दारं. निवाडा न करता दोन्ही मतं ठेवून दिली गेली. लिनक्सनं दुसरं मत धरलं. विंडोज व्हिस्टापासून पहिल्याकडं गेलं, म्हणून विंडोज सर्व्हरवर ज्या पत्त्यानं प्रश्न घेतला त्याच पत्त्याच्या कार्डावरून उत्तर निघतं आणि नेमका हा बिघाड सहसा होत नाही. तरी दोन कार्डांवर दोन गेटवे टाकायला गेलं की विंडोज इशाऱ्याची चौकट दाखवतं. लोक ती न वाचता ‘ओके’ म्हणतात.

सोलापूरच्या नावावर वाटांच्या इतिहासातली एक मोठी नोंद आहे, पण ती विजेची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी एका वारंवारितेत जोडली गेली. तोवर दक्षिणेकडं वीज जाई ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणांहून, एसीची डीसी आणि पुन्हा एसी करून. विजेला वाट सांगता येत नाही. जितक्या वाटा जोडलेल्या असतील तितक्यांतून ती अडथळ्याच्या उलट प्रमाणात वाटली जाते, आणि म्हणूनच एक वाहिनी तुटली की तिचा भार क्षणात बाकीच्यांवर पडतो. पाकिटाचं तसं नाही. प्रत्येक पाकिटासाठी प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी निर्णय घेतं. शेजारच्या दारातून मोकळी वाट असली तरी तक्त्यात लिहिलेलं नसेल तर ते तिकडं फिरकत नाही. विजेचा अभियंता हे ऐकून हेवा करील. रात्री अकराला फोन उचलणारा नेटवर्कवाला करणार नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. एक नवा तक्ता, क्रमांक १००, त्यात एकच वाट: सगळं काही नव्या फायबरच्या गेटवेकडं. आणि एक नियम: पाठवणाऱ्याचा पत्ता फायबरचा असेल तर नेहमीच्या तक्त्याआधी हा तक्ता पाहा. जानेवारी १९९९ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.२ कर्नलपासून ही सोय आहे. तिची ‘आयपी’ ही आज्ञावली अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह यांनी लिहिली. नियमांनाही क्रम असतो. नेहमीचा तक्ता ३२७६६ व्या नियमानं लागतो, म्हणून आपला नियम त्याच्याआधी यायला हवा. अण्णांनी ‘आयपी रूट गेट’ला मुंबईचा पत्ता आणि आपला फायबरचा पत्ता, दोन्ही देऊन विचारलं: आता कुठून पाठवशील? चौथं कार्ड, असं उत्तर आलं. अण्णांनी पुन्हा ताईंना फोन केला. बिलं उघडली.

एवढ्यावर निघून जाणारे असतात. हातानं दिलेल्या या आज्ञा फक्त चालू स्मृतीत राहतात. वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, सर्व्हर पुन्हा उठला की नियम गायब. ते कार्डाच्या कायमच्या जोडणीत लिहावे लागतात, आणि मग यंत्र जाणूनबुजून बंद-चालू करून पाहावं लागतं. पूर्वी तर कार्डांची नावंच बदलत. इथ झीरो आणि इथ वन ही नावं ज्या क्रमानं कार्ड सापडेल त्या क्रमानं मिळत, आणि एखाद्या सकाळी मागांची तार ऑफिसची होऊन बसे. लिनक्स सुरू होताना सगळ्या सेवा उठवणाऱ्या सिस्टमडीच्या जानेवारी २०१३ मधल्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाला ते बसलेल्या खाचेवरून नाव मिळतं. ईएनपी-थ्री-एस-झीरोसारखी ती नावं उच्चारायला वैताग, पण जागची हलत नाहीत.

अण्णांनी जाता जाता आणखी एक गोष्ट काढली. हजेरीच्या मशीनसाठी बसवलेल्या राउटरचा पट्टाही १९२.१६८.१ चाच होता. कंपनीतून राउटर पुष्कळदा याच पत्त्यानं येतात आणि बसवणारे तो बदलत नाहीत. १९९६ च्या आरएफसी १९१८ नं खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन मोठे पट्टे मोकळे ठेवले आहेत, त्यांतल्या एकट्या १० च्या पट्ट्यात पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते मावतात. तरी सगळ्यांची दाटी एकाच गल्लीत. एका सर्व्हरची दोन कार्डं एकाच पट्ट्यात आली की ‘हा पत्ता कुणाचा?’ या विचारणेला लिनक्स कुठल्याही कार्डावरून ‘माझा’ म्हणून मोकळं होतं. हजेरी कधी लागते, कधी लागत नाही, आणि कामगार विनाकारण बोलणी खातात. तो पट्टा त्याच दुपारी बदलला. वेग वाढेल या आशेनं दोन कार्डं एकाच स्विचला नुसती जोडणारेही याच खड्ड्यात पडतात; त्यासाठी कार्डं बाँडिंग करून एक करावी लागतात.

मग चाचणी. दोन लाईनी घेतल्या त्या एक गेली तर दुसरी असावी म्हणून. अण्णांनी जुन्या राउटरची तार भिंतीच्या बाजूनं काढली, सर्व्हरच्या बाजूनं नव्हे. सर्व्हरमार्फत चालणारं ऑफिसातलं इंटरनेट बंद पडलं आणि बंदच राहिलं. मालक चकित. सर्व्हरच्या दृष्टीनं काहीच बिघडलं नव्हतं. राउटर त्याच खोलीत, कार्डावरचा हिरवा दिवा चालू, म्हणजे वाट शाबूत. राउटरच्या पलीकडं रस्त्यावर केबल तुटली आहे हे कर्नलला कळायला मार्ग नसतो. बाहेरचा एखादा पत्ता प्रत्येक लाईनीवरून वेगळा पिंग करत राहणारी आणि उत्तर थांबलं की डिफॉल्ट हलवणारी छोटी स्क्रिप्ट बसवली, तेव्हा पुन्हा तार काढल्यावर अर्ध्या मिनिटात ऑफिस दुसऱ्या लाईनीवर गेलं. पूर्वीच्या लाईनीवर चालू असलेलं बोलणं तुटतं, ते तुटणारच, पत्ताच बदलतो.

मालकांनी सगळं उभ्यानं पाहिलं होतं. म्हणाले, “अण्णा, मग तिसरी पण घेऊन टाकावी काय?”

“घ्या की. तिसरा तक्ता, तिसरा नियम,” अण्णा म्हणाले. “पण कार्ड कुठं घालताव? खाच शिल्लक नाही. आन् लाईनवाला आला की गेटवे टाकायच्या आधी मला फोन लावून द्या.”

मालकांनी अण्णांचा नंबर मार्करनं सर्व्हरच्या पत्र्यावर लिहायला सांगितला. अण्णांनी त्याखाली चार कार्डांची नावं, पट्टे आणि कुठली तार कुठं जाते ते लिहिलं, तारीख घातली, आणि पुढच्या फोनला निघाले. तो होटगी रोडवरून आला होता.